मैदानाचा जमाखर्च : वाचकांचे प्रश्न

क्रीडांगणांवरच्या सरकारी आणि खासगी खर्चाबद्दल प्रश्न पाठवा, असं आवाहन संपादकांनी केलं होतं. पत्रं बरीच आली, त्यातली पाच निवडली आहेत. मी सार्वजनिक बांधकाम खात्यातून उपविभागीय अभियंता म्हणून निवृत्त झालो. शाळाखोल्या, पूल, विश्रामगृहं यांच्या जोडीने क्रीडा संकुलांचीही अंदाजपत्रकं केली, बिलं तपासली. खेळातलं मला व्हॉलीबॉलपुरतं कळतं, मुरूम-सिमेंटमधलं जरा जास्त. त्या बेताने वाचावं.

प्रश्न : आमच्या तालुक्यात क्रीडा संकुल आहे. संरक्षक भिंत, कमान, प्रेक्षक गॅलरी सगळं आहे, मैदानात मात्र बाभळी माजल्यात. आता अनुदान वाढल्यामुळे नवा प्रस्ताव चालला आहे. कोणाला जलतरण तलाव हवा, कोणाला सिंथेटिक ट्रॅक. क्रीडाशिक्षक म्हणून मला बैठकीला बोलावलंय. मी काय मागू?
— एक क्रीडाशिक्षक, सोलापूर जिल्हा

उत्तर : सर, बैठकीला जाण्याआधी जुन्या कामाचं अंदाजपत्रक मिळवा. बांधकाम उपविभागात प्रत असते, सरळ मागून दिली नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. त्यात भिंत, कमान आणि गॅलरीवर किती गेले आणि प्रत्यक्ष जिथे पोरं पळणार त्या जमिनीवर किती, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. बैठकीत बाकी काही बोलला नाहीत तरी चालेल, हे दोन आकडे मोठ्याने वाचा.

तालुका संकुलासाठीची मर्यादा आधी एक कोटी होती, ती शासनाने पाच कोटींवर नेली. जिल्ह्याला पंचवीस, विभागाला पन्नास. रक्कम कमी नाही. पण तुमच्याकडची जमीन काळी. ती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. वर काहीही अंथरा, दोन पावसाळ्यांत लाटा उठतात. ही माती उकरून बाहेर टाकायची, मुरूम भरायचा, थराथराने पाणी मारून रोलर फिरवायचा, कडेने गटार काढायचं आणि मैदानाला शंभरास एक असा हलका उतार द्यायचा. या कामाला पैसा लागतो, आणि तो सगळा जमिनीखाली जातो. तिथे कोनशिला बसवता येत नाही, म्हणून अंदाजपत्रकात कात्री लागायची वेळ आली की पहिली इथेच लागते. मी हे टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिलंय. कमानीची रक्कम कमी करा, असं सांगणारा मला कोणी भेटला नाही.

आता तलाव. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद, दोन मीटर खोल असा स्पर्धेचा तलाव धरला तर त्यात पंचवीस लाख लिटर पाणी मावतं. दहा हजार लिटरचे अडीचशे टँकर. ते एकदा भरून भागत नाही, बाष्पीभवन आहे, गाळणयंत्रं धुणं आहे, क्लोरीन आहे, पंपाचं वीजबिल आहे, जीवरक्षक आहे. सोलापूर जिल्ह्यात एप्रिलमध्ये तलाव भरायचं पाणी कुठून आणणार, एवढंच विचारा आणि उत्तराची वाट पाहा.

ट्रॅकचंही तसंच. चारशे मीटरचा आठ लेनचा ट्रॅक म्हणजे साधारण 177 मीटर बाय 93 मीटर, नुसत्या ट्रॅकलाच चार एकर. सिंथेटिक केला तर पाच कोटींतलं दुसऱ्या कशाला फार उरत नाही, आणि दहाएक वर्षांनी वरचा थर पुन्हा घालावा लागतो. त्या वेळी पैसे कोण देणार, हे आज कोणालाच माहीत नसतं. तुमच्या तालुक्यातून राज्यपातळीवर धावणारी पोरं निघत असतील तर जिल्ह्याच्या ठिकाणी एक चांगला ट्रॅक असावा आणि तिथे त्यांच्या एसटीची, राहण्याची सोय असावी. तालुक्याला मातीचा, नीट रोलर मारलेला ट्रॅक पुष्कळ झाला.

त्याऐवजी हे पाहा. कबड्डीचं मैदान 13 बाय 10 मीटर, खो-खोचं 27 बाय 16, व्हॉलीबॉलचं 18 बाय 9. तिन्हींच्या भोवती मोकळी जागा सोडली तरी वीस गुंठ्यांत बसतात. तुमच्या तालुक्यातली पोरं खेळतात काय? हेच तीन. मग यांची दोन-दोन मैदानं, त्यांवर दिवे, एक कुस्तीचा आखाडा, एक साधी पत्र्याची बंदिस्त शेड, पाण्याची टाकी. गॅलरी आणखी बांधू नका. लोकांना बसायचं असेल तर उकरलेल्या मातीचाच बांध घालून त्याला पायऱ्या काढा. कोल्हापूरचं खासबाग मैदान 1912 चं, शाहू महाराजांनी बांधून घेतलेलं. खोलगट बशीसारखी रचना आणि मधोमध आखाडा, त्यामुळे शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसतो. हजारोंनी लोक बसतात तिथे.

आणि सगळ्यात शेवटी, पण बैठकीत सगळ्यात आधी मांडायचं ते हे. दोन माणसं, एक माळी आणि एक राखणदार, महिना बारा हजारांनी वर्षाला 2 लाख 88 हजार. चार खांबांवर मिळून साडेनऊ किलोवॅटचे दिवे रोज तीन तास, युनिटला दहा रुपये धरून वर्षाचे साधारण एक लाख चार हजार. फक्की, जाळी, पाणी, रोलरची दुरुस्ती मिळून लाखभर. एकूण पाच लाख. म्हणजे पाच कोटींच्या एक टक्का. संकुल चालू राहायला दरवर्षी एवढं लागतं आणि बांधकामाच्या अनुदानात ते नसतं. रस्त्याकडेचे गाळे भाड्याने देऊन ते उभं करावं अशी कल्पना असते, आणि ती चांगली आहे. फक्त गाळ्यांचं भाडं कोणत्या दराने, कोणाला आणि किती थकलंय याची यादी मागा. एका तालुक्यात मी पाहिलं, गाळे भरलेले, दुकानं जोरात, आणि आत मैदानाचं वीजजोडणीचं मीटर महावितरणने थकबाकीपोटी काढून नेलेलं. भाडं आजूबाजूच्या बाजारभावाच्या चौथाईसुद्धा नव्हतं. तालुका समितीचे अध्यक्ष स्थानिक आमदार असतात. त्यांना हे बोललेलं आवडेल असं नाही, पण तुम्ही शिक्षक आहात, तुमची बदली ते असंही करू शकतातच.

प्रश्न : आमच्या भागात महापालिकेचं खेळाच्या मैदानासाठी राखीव असलेलं पटांगण होतं. संध्याकाळी मुलं फुकट खेळायची. ते आता ‘विकसित करून चालवायला’ एका खासगी चालकाला दिलंय. त्याने जाळी लावून कृत्रिम गवताचा टर्फ केला आणि तासाला हजार रुपये घेतो. मैदान स्वच्छ आहे, दिवे आहेत, पूर्वी दारूच्या बाटल्या असायच्या त्या गेल्या. माझ्या यजमानांचं म्हणणं, झालं ते बरंच झालं. मला पटत नाही. तुमचं काय मत?
— एक वाचक, पुणे

उत्तर : ताई, यजमानांचं अर्धं बरोबर आहे. महापालिकेने मैदान सांभाळलं नाही, बाटल्या पडत होत्या, हे तुम्हीच लिहिलंय. पण हिशेब करा. तासाला हजार, दहा पोरं, म्हणजे डोक्यावर शंभर. आठवड्यातून चार दिवस खेळलं तर महिन्याला सोळाशे रुपये. ज्या घरात दोन मुलं आहेत आणि आई धुणीभांडी करते, ते घर या मैदानातून बाहेर पडलं. जमीन मात्र त्यांचीही आहे.

स्वतःच्या जागेवर, स्वतःच्या कर्जाने कोणी टर्फ टाकला तर त्याला माझा नमस्कार. उसाचं रान मोडून टर्फ केलेले शेतकरी माझ्या ओळखीचे आहेत. धंदा आहे, चालला तर चालला. प्रश्न येतो तो जागा सरकारी आणि गल्ला खासगी असतो तेव्हा. आणि हा प्रश्न टर्फपासून सुरू झालेला नाही. मुंबईत मरीन ड्राइव्हला ओळीने जिमखाने आहेत, पारशी, इस्लाम, हिंदू. जमीन सरकारने भाडेपट्ट्याने दिलेली, आत कोण जाणार ते सभासदत्व ठरवतं. तिथून जवळच ब्रेबॉर्न स्टेडियम, 1937 साली सुरू झालेलं, क्रिकेट क्लब ऑफ इंडिया या खासगी क्लबचं. तिथल्या कसोटी सामन्यांची तिकिटं वाटण्यावरून क्लब आणि मुंबईची क्रिकेट संघटना यांच्यात वर्षानुवर्षं भांडण. शेवटी संघटनेचे शेषराव वानखेडे, जे विधानसभेचे अध्यक्षही होते, त्यांनी किलोमीटरभराच्या आत दुसरं स्टेडियम उभं करवलं आणि जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध तिथे पहिली कसोटी झाली. मुलांना खेळायला जागा नाही म्हणून रडणाऱ्या शहरात दोन आंतरराष्ट्रीय स्टेडियमं हाकेच्या अंतरावर, आणि कारण काय, तर खुर्च्या कोणाच्या वाट्याला किती! सामान्य प्रेक्षकाचं त्यात काही भलं झालं असेल तर ते ओघाने.

तेव्हा तुम्ही मतापेक्षा कागद मिळवा. महापालिकेच्या मालमत्ता विभागात त्या चालकाबरोबरचा करारनामा असतो. त्यात मुदत बघा. तीन वर्षं, पाच वर्षं असेल तर एक गोष्ट, तीस असेल तर वेगळी. दर कोणी ठरवायचा ते बघा, चालकाने की महापालिकेने. परिसरातल्या मुलांसाठी विनामूल्य वेळ लिहिलीय का? अशी अट पुष्कळदा असते, आणि ती सकाळी अकरा ते चार अशी असते, म्हणजे पोरं शाळेत आणि टर्फ तव्यासारखा तापलेला. महापालिकेला वर्षाला किती मिळतात तेही पाहा, आकडा वाचून हसू येईल किंवा रडू. मग वॉर्ड ऑफिसात अर्ज द्या, त्यात एकच मागणी ठेवा : रोज संध्याकाळी पाच ते सात परिसरातल्या शाळकरी मुलांना फुकट, आणि तसा फलक दरवाजावर. टर्फ हटवा अशी मागणी केलीत तर चालक कोर्टात जाईल, स्थगिती आणेल आणि तुमची मुलं कॉलेजात जातील तोवर तारखा पडत राहतील. दोन तास मागितलेत तर त्याला नाही म्हणायला तोंड नाही. त्याचा धंदा तसाही रात्री आठनंतरच्या आयटीवाल्यांवर चालतो.

प्रश्न : बागेत आमदार-नगरसेवक निधीतून बसवलेली ती खुली व्यायामशाळा खरंच उपयोगाची असते का, की पैसे खाण्याचा प्रकार?
— ज्येष्ठ नागरिक, नाशिक

उत्तर : पहाटे साडेपाचला जाऊन बघा. साडी नेसून, पायात बूट घालून बायका त्या यंत्रांवर पाय हलवत गप्पा मारताना दिसतील. बंदिस्त जिमची फी भरून त्या कधी आत गेल्या नसत्या. त्यामुळे मी या यंत्रांना नावं ठेवत नाही. फक्त बेअरिंगला ग्रीस घालायचा खर्च कोणाच्याच खात्यात नसतो. खरेदी आमदार निधीतून, जागा महापालिकेची, आणि यंत्र करकरायला लागलं की दोघंही एकमेकांकडे बोट दाखवतात. तुमच्या फिरायला येणाऱ्या मंडळींनी ग्रीसचा डबा आणि पाना ठेवावा. मंडळी नाशिकची आहेत, एकाने तरी कारखान्यात फिटर म्हणून काम केलेलं असेल. पैसे खाल्ले का, हे खरेदीच्या बिलावरून कळेल, यंत्राकडे बघून कळणार नाही.

प्रश्न : 2030 च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला मिळाल्या, 2036 चं ऑलिंपिकही मागतोय. आमचे प्राध्यापक म्हणतात, हा पैसा वाया जाणार. मित्र म्हणतात, यातूनच सुविधा येतात. कोण बरोबर?
— एफवायबीए, लातूर

उत्तर : प्राध्यापकांच्या बाजूने पहिला साक्षीदार माँट्रियल. 1976 चं ऑलिंपिक, आणि त्याचं कर्ज फिटलं 2006 मध्ये. त्यासाठी तंबाखूवर खास कर बसवला होता. म्हणजे जिम्नॅस्ट नादिया कोमानेचीचे दहा गुण ज्याने पाहिले त्याने पुढची तीस वर्षं सिगारेटच्या प्रत्येक पाकिटामागे त्या स्टेडियमचा हप्ता भरला. दुसरा साक्षीदार दिल्ली, 2010. महालेखापरीक्षकांच्या 2011 च्या अहवालात त्या राष्ट्रकुल स्पर्धांचा एकूण खर्च 18,532 कोटी रुपये दिलाय. तुलनेसाठी, 2025-26 च्या अर्थसंकल्पात केंद्राच्या संपूर्ण युवक व क्रीडा मंत्रालयाला 3,794 कोटी होते आणि त्यातले ‘खेलो इंडिया’ला 1,000 कोटी.

मित्रांच्या बाजूने लॉस एंजेलिस, 1984. खर्च खासगी प्रायोजकांचा, मुख्य स्टेडियम 1920 च्या दशकातलं, 1932 च्या ऑलिंपिकला वापरलेलं तेच. वर वीस कोटी डॉलरहून जास्त शिल्लक राहिली आणि तिचा एक भाग तिथल्या मुलांच्या खेळासाठी ठेवला गेला. पण हे जमलं कारण त्यांच्याकडे आधीच बहुतेक सगळं बांधलेलं होतं. इथे मित्रांचा मुद्दा थोडा उलटतो बघ. स्पर्धेमुळे सुविधा आल्या नाहीत, सुविधा होत्या म्हणून स्पर्धा परवडली.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर बालेवाडी. 1994 च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी शिवछत्रपती क्रीडा संकुल बांधलं. त्या वेळी शहराबाहेर माळावर एवढा खर्च कशाला, म्हणून ओरड झाली. चौदा वर्षांनी, 2008 मध्ये, तिथेच राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या आणि शहर चालत चालत त्याच्या दारापर्यंत आलं. आज पुण्याकडे ते नसतं तर एवढी जमीन एका ठिकाणी कुठल्याही भावात मिळाली नसती. मधली कित्येक वर्षं त्या संकुलाची देखभाल कशी होती ते मात्र तिथे सराव केलेल्या खेळाडूंना विचार. खासगी पैसा आला की हे दुखणं जातं असंही नाही. गहुंजेचं क्रिकेट स्टेडियम 2012 मध्ये एका उद्योगसमूहाचं नाव घेऊन उघडलं, आणि पैसे थकले म्हणून पुढच्याच वर्षी ते नाव झाकावं लागलं.

तेव्हा कोण बरोबर याचं माझं उत्तर असं : स्पर्धा संपल्यावर तिसऱ्या वर्षी त्या स्टेडियमचा माळी कोणाच्या पगारपत्रकावर असेल, ते आधी लिहून दाखवलं तर मित्र बरोबर. नाही तर प्राध्यापक. एफवायला आहेस, 2036 पर्यंत नोकरीला लागून कर भरायला लागलेला असशील, त्यामुळे हा प्रश्न माझ्यापेक्षा तुझा आहे.

प्रश्न : वडील पहिलवान होते. गावातल्या तालमीत आयुष्य गेलं. त्यांच्या स्मरणार्थ गावात खेळासाठी दहा लाख रुपये द्यायचे आहेत. ग्रामपंचायत म्हणते मैदानाला कमान बांधू, शाळा म्हणते जिमचं साहित्य द्या, तालमीचे वस्ताद काहीच म्हणत नाहीत. मी कामानिमित्त ठाण्यात असतो, रोज लक्ष घालू शकत नाही. काय करावं?
— एक वाचक, मूळ गाव सातारा जिल्हा

उत्तर : दादा, जो काहीच म्हणत नाही त्याच्याकडे आधी जा. वस्तादांना विचारा, आखाड्यातली माती शेवटची कधी बदलली? लाल माती, ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर, हे सगळं विकत आणावं लागतं आणि गावातल्या तालमीत ते वर्गणीवर चालतं. दुसरं, पोरं किती आणि त्यांना दूध-बदाम घरून येतं का. तिसरं, तालमीचं छप्पर गळतं का. या तिन्हींची उत्तरं मिळाली की निम्मा आराखडा तयार.

महाराष्ट्रातल्या कुस्तीत सरकार उशिरा आलं, माणसं आधी आली. खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकीला जाऊ शकले ते लोकवर्गणीवर आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून दिलेल्या सात हजारांवर. तिथून ते कांस्यपदक घेऊन आले. तुम्ही त्याच रांगेतले, म्हणून जरा रोखठोक सांगतो. कमान नको. तिच्यात तीन-चार लाख जातात, वडिलांचं नाव उंचावर लागतं आणि खालून ट्रॅक्टर जातात.

तीन लाख छपराला आणि मातीला लावा. काम होताना दोनदा तरी स्वतः गावी जा, पत्र्याची जाडी मोजा. मुलीही सरावाला येणार असतील, हल्ली येतात, तर त्यातच एक स्वच्छतागृह बसवा, पाण्याच्या टाकीसकट. तेरा-चौदा वर्षांच्या मुली मैदान सोडतात त्याचं एक मोठं कारण ते नसणं हे आहे, आणि अंदाजपत्रकात ते पहिल्यांदा गळतं. किल्ली वस्तादांकडे न देता एखाद्या मुलीच्या आईकडे द्या.

उरलेले सात लाख मुदत ठेवीत ठेवा. सात टक्क्यांनी वर्षाला एकोणपन्नास हजार व्याज येईल, महिन्याला चार हजार. वस्ताद बहुतेक फुकट शिकवत असतील, हे मानधन त्यांना द्या. ते नको म्हणतील, तरी द्या. ठेव ग्रामपंचायतीच्या नावावर नको आणि तुमच्या एकट्याच्या नावावरही नको. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदवलेलं मंडळ असेल तर त्याच्या नावे ठेवा, आणि मुद्दल कधीच मोडायचं नाही असा ठराव मंडळाच्या इतिवृत्तात लिहून घ्या. नसेल तर आधी मंडळ नोंदवा, त्याला काही महिने जातील, घाई करू नका. शाळेला जिमचं साहित्य देऊ नका. कुलूपबंद खोलीत गंजलेल्या डंबेल्स मी फार पाहिल्यात.

वडिलांचं नाव तालमीच्या दारावर, साध्या पाटीवर लावा. रंगवायला गावातलाच रंगारी बघा, दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा रंगवावी लागते.